अकराव्या पानावरची आद्याक्षरं

पहिल्याच तारखेला समोरचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, हा दावा इथे चालूच शकत नाही.

बाई मागच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत हौदाचे फोटो होते, भिंतीवर आलेल्या ओलीचे फोटो होते, आणि कुणी विचारलंच तर दाखवायला पडलेल्या गिलाव्याचा एक तुकडाही वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. त्यातलं काहीच कुणी विचारलं नाही. समोरच्या वकिलाने दोन पानी अर्ज न्यायाधीशांकडे दिला. "करारनाम्याच्या सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे बांधकामाबद्दलचा कुठलाही वाद लवादाकडे न्यायचा, असं दोन्ही पक्षांनी कबूल केलेलं आहे. तेव्हा दाव्याला स्थगिती द्यावी," एवढं बोलून तो खाली बसला. त्याच्या शेजारी कंत्राटदार होता. त्याने मान वळवून बाईंकडे पाहिलं आणि लगेच छताकडे बघायला लागला.

दाव्यावर उत्तर द्यायला त्याने मुदतही मागून घेतली, आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी पडली. सगळं मिळून सहा मिनिटं लागली असतील.

बाई म्हणजे हाडा-सांध्यांवर व्यायामाने उपचार करणाऱ्या बाई. बावीस वर्षं त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत लोकांचे गुडघे, पाठी आणि खांदे सरळ केले होते. नवरा गेल्यावर त्यांनी हिंमत करून जागा घेतली आणि स्वतःची इमारत उभी केली. वर राहतं घर, खाली उपचारकेंद्र, आणि केंद्राच्या मागच्या अंगाला कोमट पाण्याचा हौद. ज्यांना जमिनीवर पाय टेकवता येत नाही, ती माणसं छातीभर पाण्यात चालू शकतात. असा हौद असावा ही बाईंची फार जुनी इच्छा. हौद झाला, आणि चौथ्या महिन्यात गळायला लागला. आधी शेजारच्या खोलीत जमिनीलगत एक काळपट रेघ आली, मग रंगाचे पोपडे, मग गिलावाच सुटला. रोज सकाळी हौदातलं पाणी चार बोटं खाली गेलेलं असायचं.

कंत्राटदाराला सगळे ओळंबा म्हणत. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम ओळंबा, भिंत सरळ आहे का बघायची वजन लावलेली दोरी, असायचा. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी बोलता बोलता उठून तो दोरी भिंतीला लावून बघायचा. त्याला पहिल्यांदा आणलं बाईंच्या धाकट्या दिरानं. दिराचं चष्म्याचं दुकान होतं, आणि भाऊ गेल्यापासून वहिनीचे कागदपत्रांचे व्यवहार तोच बघायचा. हौद गळायला लागल्यावर ओळंबा दोनदा येऊन गेला. "जमीन बसतेय, बाई. ती माझ्या हातात आहे का?" असं म्हणून त्याने एकदा सांध्यात कसलीशी पांढरी पेस्ट भरली आणि मग फोन उचलणं बंद केलं. तेव्हा बाई कोर्टात गेल्या.

आता कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी आपल्या वकील मॅडमना गाठलं.

"हे सत्ताविसावं कलम काय आहे?"

"लवादाचं. म्हणजे कोर्टाऐवजी एक तटस्थ माणूस निवाडा देणार. बांधकामाच्या करारांत असतंच बहुतेक."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

मॅडमनी फाइलची नाडी बांधायला जरा जास्तच वेळ घेतला. "वाचलं होतं. पण समोरच्यांनी ते वेळेत उचलावं लागतं. त्यांनी एकदा आपली कैफियत दिली, दाव्यावर उत्तर दिलं, की मग तो हक्क जातो. पुष्कळदा लक्षातच येत नाही त्यांच्या. मी म्हटलं, बघू."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही सही केलेला करार आहे, बाई. मला वाटलं तुम्हाला माहीतच असणार."

घरी जाताना बाईंच्या मनात पाल चुकचुकत राहिली. वकिलाने आपल्याच पक्षकारापासून कलम झाकून ठेवायचं? आणि ओळंब्याला ते बरोबर पहिल्याच तारखेला कसं सापडलं? भिंतीची उंची बोटांवर मोजणारा माणूस तो. त्याला कलमं कुणी दाखवली?

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिराकडून मूळ करारनामा मागवून घेतला. दिराने तो दुकानातल्या माणसाबरोबर पाठवला, स्वतः आला नाही. तेही बाईंनी मनात नोंदवून ठेवलं.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी पानं एकेक करून उलटली. शेजारी सासूबाई शेंगा सोलत होत्या. अकराव्या पानाशी बाई थांबल्या. ते पान बाकीच्या पानांपेक्षा पांढरं होतं. त्यांनी ते खिडकीकडे धरलं. कोपऱ्यात त्या पानाला पिनेची दोनच भोकं होती आणि तिथे पिन बसलेली होती, पण बाकीच्या सगळ्या पानांना शेजारी आणखी दोन जुनी भोकं होती. अकराव्याला ती नव्हती. म्हणजे गठ्ठा एकदा सोडवून पुन्हा टाचला होता, आणि हे पान मागाहून आत आलं होतं. सत्ताविसावं कलम ह्याच पानावर. खाली समासात बाईंची आद्याक्षरं होती, पण कशी! वाकडीतिकडी, कापरी, दुसरं अक्षर तर ओळीच्या पार खाली घसरलेलं. बाईंची आद्याक्षरं म्हणजे एका झटक्यात काढलेला ठसठशीत वेलांटीदार आकडा. बाकीच्या बावीस पानांवर तशीच होती.

"आई, ही माझी सही दिसते का तुम्हाला?"

सासूबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "माझी दिसते," त्या म्हणाल्या. "माझे हात असेच कापतात."

बाईंना हसू आलं नाही. त्यांच्या डोक्यात हिशेब जुळत चालला होता. करारनामा पहिल्यापासून एकाच माणसाच्या कपाटात होता. ओळंब्याला आणणारा माणूसही तोच.

संध्याकाळी फोन करून त्यांनी दिराला बोलावून घेतलं. तो आला, चपला काढल्या, नेहमीसारखं आईच्या डोक्यावर हात ठेवून "काय म्हाताऱ्ये" म्हणाला. बाईंनी पान पुढे सरकवलं.

"भावजी, हे पान बदललेलं आहे."

त्याने पान हातात घेतलं, मागेपुढे केलं. "हो, बदललं होतं एक पान. काहीतरी दुरुस्ती होती."

"कसली?"

"आता काय आठवणार, वहिनी? दोन वर्षं झाली."

"सोयीचं आहे."

त्याने मान वर केली. "काय म्हणालात?"

"सोयीचं आहे म्हटलं. लवादाचं कलम ज्या पानावर, नेमकं तेच पान बदललेलं, त्यावर माझी नसलेली सही, आणि तुम्हाला आठवत नाही. बरं, मला एक सांगा. परवा तुम्ही ओळंब्याच्या ऑफिसात कशाला गेला होतात? माझ्या एका पेशंटने पाहिलं तुम्हाला पायऱ्या उतरताना."

दिराचा चेहरा पडला. "भांडण मिटावं म्हणून गेलो होतो."

"मला न सांगता?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं का?"

"त्याने तुम्हाला काय दिलं, भावजी?"

सासूबाईंना कमी ऐकू यायचं, पण हे बरोबर ऐकू गेलं. त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. दीर उठला, चपला घातल्या. दारातून म्हणाला, "करारनामा तुमच्याकडेच राहू दे. बाकीचे कागद उद्या पाठवतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी दोन खोकी भरून कागद आले. लाइटबिलांपासून भावाच्या मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सगळे. वर यादी जोडलेली होती.

यादीसुद्धा बाईंनी दोनदा तपासली.

वकील मॅडम खूश झाल्या. "हे तर फारच छान. बनावट पान आहे असं आपण म्हटलं की कोर्टाला आधी ते बघावंच लागेल. करारच खरा नसेल तर लवाद कसला? तुम्ही प्रतिज्ञापत्र द्या की ही आद्याक्षरं माझी नाहीत. आणि त्याच सुमाराच्या तुमच्या खऱ्या सह्यांचे नमुने हवेत. जितके जास्त तितकं बरं."

"देते," बाई म्हणाल्या. "पण मॅडम, आता आणखी काही मला न सांगितलेलं आहे का?"

मॅडम जरा चिडल्या. "आता नाही," त्या म्हणाल्या.

सह्यांच्या नमुन्यांना बाईंकडे तोटा नव्हता. रोज येणाऱ्या प्रत्येक पेशंटपुढे, काय उपचार केला ते लिहून, त्या नोंदवहीत आद्याक्षरं घालत. तारखेला आठ दिवस राहिले असताना, दुपारी केंद्र बंद असतं त्या वेळात, त्यांनी करार झाला त्या वर्षीच्या वह्या कपाटातून काढल्या आणि पहिल्या खोलीतल्या उपचाराच्या उंच पलंगावर पसरल्या. पलीकडची खोली बंदच होती. भिंतीची ओल आता खिडकीपर्यंत चढली होती आणि तिथे पेशंटला बसवायचीही लाज वाटायची.

करारावर सही झाली त्या महिन्याची पानं त्यांनी उलटली. वेलांटीदार आकडा, वेलांटीदार आकडा, प्रत्येक ओळीत तोच. चिमटीत कागदाच्या पट्ट्या घेऊन त्या खुणा घालत गेल्या. पुढचा महिना उघडला. पहिल्या आठवड्यापर्यंत ठीक. मग नऊ तारीख. नऊ तारखेपासून सगळी वही कापऱ्या, घसरलेल्या अक्षरांनी भरलेली होती.

बाईंनी चष्मा पुसला. अकराव्या पानाची झेरॉक्स वहीशेजारी ठेवली. दुसरं अक्षर ओळीच्या खाली तस्संच घसरलेलं, पहिल्याची शेपटी तशीच तुटलेली.

मग त्यांना आठवलं, आणि आठवलं ते सगळं एकदम. आठ तारखेला एक धिप्पाड माणूस, दोन्ही गुडघे बदललेला, पलंगावरून उतरताना तोल जाऊन त्यांच्या हातावर आला होता. उजवा अंगठा मुरगळला. तीन आठवडे पट्टी होती, आणि त्या अंगठ्याशिवायच पेन धरत होत्या. त्याच दिवसांत त्यांनी हौदाची खोली वाढवायला सांगितली होती. उंच पेशंटांना छातीभर पाणी मिळेना, पंचवीस सेंटीमीटर वाढवा. त्यांनी झेरॉक्स पुन्हा वाचली. सव्विसावं कलम: हौदाची मापं. खोली एकशे पस्तीस. त्याखाली सत्ताविसावं. माप बदललं म्हणून पान नव्याने छापलं होतं. भावजी ते घेऊन भर गर्दीच्या वेळी केंद्रात आले होते. बाईंच्या हातात कुणाचा तरी पाय होता.

"वाचून घ्या वहिनी, मग सही करा."

"तुम्ही वाचलंय ना? मग झालं. आणा इकडे."

हे त्यांचेच शब्द. त्यांनी पायाखालचा हात काढलाही नव्हता.

बाई बराच वेळ पलंगाला टेकून उभ्या राहिल्या. बाहेर कुणीतरी दार वाजवून गेलं, त्यांनी उघडलं नाही.

मॅडमना सांगितल्यावर त्यांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा पुढे ओढला. "ठीक आहे. मग 'माझी नाही' असं नको म्हणू या. 'ही आद्याक्षरं केल्याचं मला आठवत नाही' असं घालू. तेवढ्यावरही समोरच्यांना घाम फुटेल."

"पण मला आठवतंय," बाई म्हणाल्या.

"बाई, ही वही तुमची आहे. ती कुणी मागितलेली नाही."

"मॅडम, मी सख्ख्या दिराला चोर म्हटलं ह्या सहीवरून. आता त्या सहीवर खोटंही बोलू?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग स्थगिती मिळणार त्यांना. आपला दावा पडणार नाही, पण झोपवून ठेवतील. सगळं लवादापुढे."

"झोपू दे."

तारखेच्या दिवशी मॅडमनी तरी एक प्रयत्न केला. समोरच्यांनी मागच्या वेळी मुदत मागितली, म्हणजे त्यांनी कोर्टाचा अधिकार मान्य केला, वगैरे. न्यायाधीश म्हणाले, नुसती मुदत मागणं म्हणजे दाव्याला उत्तर देणं नव्हे. मग त्यांनी थेट बाईंकडे पाहून विचारलं, "करारनाम्यावरची सही, आद्याक्षरं, तुम्हाला मान्य आहेत?"

बाई उभ्या राहिल्या. "माझीच आहेत. वाचली नव्हती एवढंच."

"न वाचता केलेली सही ही सहीच असते," न्यायाधीश म्हणाले आणि लिहायला लागले. दाव्याला स्थगिती. वाद लवादाकडे.

ओळंबा बाहेर पडताना वकिलाच्या पाठीवर थाप मारत होता. बाईंना पाहून त्याने थाप अर्ध्यात थांबवली.

त्याच दिवशी बाई चष्म्याच्या दुकानात गेल्या. गिऱ्हाईक होतं. भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवणारा एक म्हातारा चुकत होता आणि दीर न कंटाळता भिंगं बदलत होता. तो जाईपर्यंत बाई उभ्या राहिल्या.

"सही माझी होती, भावजी. अंगठा मुरगळला होता. मी चुकले."

दीर भिंगं पुसत राहिला. "बरं झालं आठवलं," एवढंच म्हणाला. मग खाली बघतच: "तुम्ही विचारलंत ना, त्याने काय दिलं म्हणून. दिलं होतं. तुमचं काम चालू असताना माझ्या गच्चीवरचे पत्रे बदलून दिले त्याने. मजुरी घेतली नाही. मी म्हटलं घ्या, तो म्हणाला असू दे, तुम्ही काम आणून दिलंत. तेव्हा काही वाटलं नाही. पण हौद गळायला लागला तेव्हापासून त्याच्याशी मोठ्या आवाजात बोलताच येईना मला. त्या दिवशी मजुरीचं पाकीट द्यायला गेलो होतो. म्हटलं ते देऊन टाकलं की नीट भांडता येईल. त्याने ते घेतलंच नाही."

म्हणजे पाल अगदीच उगाच चुकचुकली नव्हती. पण जे निघालं ते इतकं लहान होतं, आणि त्या माणसाने ते इतके दिवस छातीवर दगड ठेवल्यासारखं वागवलं होतं, की त्यांना रागही धड आला नाही आणि क्षमाही.

"येते," त्या म्हणाल्या.

लवाद नेमायचा अधिकार करारात अभियंत्यांच्या संघटनेला दिलेला होता. महिन्याभराने पत्र आलं. एक निवृत्त इंजिनिअर. पहिली बैठक संघटनेच्याच एका खोलीत होती. लांब टेबल, पाण्याचे जग, भिंतीवर पुलांचे फोटो. बाई आणि मॅडम आत शिरल्या तेव्हा तो उंच, किडकिडीत म्हातारा खिडकीशी उभा होता, आणि ओळंबा त्याला म्हणत होता, "सर, गुडघा कसा आहे आता?"

बाई दारातच थबकल्या. मॅडमनी त्यांचा हात दाबला. "बघितलंत?" त्या पुटपुटल्या. "ओळख आहे. लगेच हरकत घेऊ. दुसरा माणूस मागू."

पण खुर्चीत बसल्याबरोबर म्हाताऱ्यानेच सुरुवात केली. "आधी एक सांगतो, आणि लिहून घ्या. हे कंत्राटदार आणि मी, एका पाण्याच्या टाकीच्या कामावर चौदा महिने एकत्र होतो. त्यांचं बांधकाम, माझी तपासणी. अकरा वर्षांपूर्वी. कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा, मी बाजूला होतो. वाईट वाटणार नाही."

मॅडम उठायला लागल्या. बाईंनी त्यांच्या बाहीला धरलं.

गेले तीन महिने त्या फक्त संशय घेत होत्या. कागदावर, वकिलावर, दिरावर. आताही घेत होत्या. अकरा वर्षांची ओळख, गुडघ्याची चौकशी. तरी एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. इतक्या माणसांत, न विचारता स्वतःहून सांगणारा हा पहिला.

"साहेब, मी एक विचारू?"

"विचारा."

"त्या टाकीच्या वेळी तुम्ही ह्यांचं काम कधी नापास केलं होतं?"

म्हाताऱ्याने ओळंब्याकडे पाहिलं. ओळंबा टेबलाकडे बघत होता.

"दोनदा," म्हातारा म्हणाला. "दुसऱ्यांदा तोडायला लावलं."

"सहा महिने मी सरांशी बोललो नव्हतो," ओळंबा पुटपुटला.

"माझी हरकत नाही," बाई म्हणाल्या. मॅडमनी सुस्कारा टाकला तो पलीकडच्या वकिलालाही ऐकू गेला.

कोर्टात कुणी हौद बघायला आलं नसतं, कितीही वर्षं गेली तरी. हा माणूस पुढच्याच आठवड्यात आला. रिकाम्या हौदात शिडी लावून उतरला, दुखरा गुडघा सांभाळत. बाईंच्या लक्षात आलं, उतरताना तो वजन चुकीच्या पायावर घेत होता. काठाशी दोन्ही वकील उभे होते. म्हातारा लाकडी हातोडीने टाइल ठोकत ठोकत चारी बाजूंनी फिरला. पूर्वेच्या भिंतीपाशी आवाज बदलला. त्याने पुन्हा ठोकलं. बद्द आवाज.

"इथे उघडा."

ओळंब्याच्या माणसांनी तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथल्या टाइल काढल्या, गिलावा काढला, मग काँक्रीट छिन्नीने थोडं थोडं मोकळं केलं. तळ एका दिवशी ओततात आणि भिंत दुसऱ्या दिवशी. त्या सांध्यातून पाणी जाऊ नये म्हणून आत रबराची रुंद पट्टी उभी धरावी लागते, हे म्हाताऱ्याने बाईंना समजावून सांगितलं. बाकीच्या तीन भिंतींपाशीही थोडं उघडून पाहिलं, तिथे पट्टी नीट उभी होती. पूर्वेला होती, पण आडवी लोळलेली, काँक्रीटच्या वजनाखाली घडी पडून. पाण्याला त्या बाजूने सरळ वाट होती.

ओळंबा हौदात उतरला, उकिडवा बसला आणि त्या काळ्या घडीला बोटाने हात लावला. त्याचा चेहरा बघून बाईंना वाटलं, ह्याला खरंच माहीत नव्हतं. आणि लगेच वाटलं, की हा नाटकही करत असेल.

"जमीन बसली नव्हती," म्हातारा त्याला म्हणाला.

"नाही, सर."

"पट्टी बांधायला माणूस उभा केला होता का त्या दिवशी?"

"आठवत नाही."

म्हातारा मग बाईंकडे वळला. "तुम्ही खोली वाढवायला सांगितलीत तेव्हा तळ ओतून झाला होता?"

"असेल. मी विचारलं नव्हतं."

"झाला होता. म्हणून भिंती उंच कराव्या लागल्या, आणि टाइलचं सगळं माप बदललं. ह्यांनी तुम्हाला तेव्हाच थांबवायला हवं होतं, नवा नकाशा मागायला हवा होता. पण बदल तुमचा."

निवाडा चार महिन्यांच्या आत आला. सांधा तोडून नव्याने करायचा, शेजारच्या खोलीची भिंतही, सगळं कंत्राटदाराने, स्वतःच्या खर्चाने. टाइलचा खर्च बाईंचा. काम झाल्यावर सात दिवस हौद भरून ठेवायचा आणि पाणी उतरतं का बघायचं. मॅडम म्हणाल्या, टाइलबद्दल कोर्टात जाता येईल. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

सात दिवसांची ती परीक्षा मोठी मजेची झाली. बाईंनी काठावर पेन्सिलीने पाण्याची रेघ मारली. पहिल्या सकाळी सातला खाली आल्या, तर ओळंबा आधीच काठाशी उभा.

"तुम्ही इतक्या लवकर?" बाई म्हणाल्या.

"पाणी बघायला."

"बघायला की नळी लावायला?"

ओळंब्याने दोन्ही हात वर केले. "आणि तुम्ही बादलीने काढलंत तर? मला कसं कळायचं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हौद भरताना म्हाताऱ्याने काठावर एक पाण्याची बादलीही ठेवायला लावली होती. उन्हा-वाऱ्याने जितकं पाणी बादलीतलं कमी होईल तितकंच हौदातलं व्हायला हवं, जास्त नको. रोज सकाळी दोघं मिळून दोन्हीकडची पातळी मापत, पट्टी एकाने धरायची, आकडा दुसऱ्याने वाचायचा, आणि दोघांनीही कागदावर सही करायची. सातव्या दिवशी हौद बोटभर उतरला होता. बादलीही बोटभरच.

ओळंब्याने पट्टी पुसून खिशात घातली. "झालं, बाई," तो म्हणाला, आणि जाता जाता खोलीच्या नव्या भिंतीला त्याने सवयीने दोरी लावून पाहिली. बाईंनीही मागून डोळा बारीक करून पाहिलं. भिंत सरळ होती.

त्या आठवड्यात हौदात पेशंट उतरायला लागले. बाईंनी दिराला फोन केला. आईला घेऊन हौद बघायला या म्हणावं, तर आई बाईंकडेच. मग म्हणाल्या, "सगळ्यांनी या."

"दुकान असतं, वहिनी. रविवारी बघतो."

रविवारी तो एकटाच आला. पूर्वी तो हाक मारत सरळ वर स्वयंपाकघरात यायचा. ह्या वेळी खाली, पेशंट बसतात त्या बाकावर बसला, हातात चष्म्याची डबी घेऊन. आईच्या चष्म्याची काडी सैल झाली होती, ती नीट करून आणली होती. त्याने हौद पाहिला, छान झालाय म्हणाला आणि परत येऊन बाकावर बसला. वर चला असं बाईंनी दोनदा म्हटलं. तो म्हणाला, इथेच बरं आहे.

बाई वर गेल्या, दोन कप चहा करून खाली आणला आणि त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. थोड्या वेळाने वरून सासूबाईंची हाक आली, कोण आलंय गं, म्हणून.

"भावजी आलेत," बाईंनी ओरडून सांगितलं.

"मग खाली काय करतोय तो?"

दीर चहा पीत होता. कप रिकामा झाल्यावर त्याने तो खाली ठेवला, डबी उचलली आणि म्हणाला, "हे तरी वर देऊन येतो." आणि जिन्याकडे गेला.